बिनरंगाचं पाणी

कपडा रंगवायच्या कारखान्यात, कुठल्या मालाला कुठला रंग किती चढवायचा हे जो ठरवतो त्याला मास्तर म्हणतात. आमचे मास्तर त्या जागेवर तरुणपणीच पोचले आणि तेव्हापासून त्यांचं खरं नाव मागे पडलं, ते पडलंच. वाफाळत्या हौदातून काठीने कापडाचं टोक वर ओढायचं, दोन बोटांत पिळायचं, खिडकीपाशी नेऊन डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "अजून एक वाफ." नाहीतर म्हणायचं, "काढा." त्यांनी काढा म्हटलं की मालकसुद्धा मध्ये तोंड घालत नसत.

घरी त्यांची बायको सांगायची, "मी यांना कामाचं काही विचारत नाही. उशीचा अभ्रा बघितला की कळतं, आज कारखान्यात हिरवा होता की तांबडा." घामातूनसुद्धा रंग यायचा. मास्तर ओशाळं हसायचे आणि आपले हात मांडीखाली लपवायचे. मुलीच्या लग्नात त्यांनी पाहुण्यांसमोर हात पाठीमागेच धरले होते. लोकांना वाटलं, काय रुबाबात उभे आहेत.

कारखान्याच्या मागच्या भिंतीतून एक मोठा पाइप बाहेर यायचा आणि तिथून नाला सुरू व्हायचा. हा नाला कामगारांच्या खोल्यांच्या ओळीला वळसा घालून, लोखंडी पुलाखालून, पुढे मोकळ्या जमिनींकडे जायचा. त्याचं रूप रोज निराळं. खोल्यांतल्या बायका दारात उभं राहून म्हणायच्या, "आज जांभळा आहे, पडदे चालू दिसतायत." वास यायचा, डोळे चुरचुरायचे, शिव्याशाप चालायचे. पण त्या पाण्याला कोणी शिवत नसे. रांगणाऱ्या पोरालासुद्धा पहिली ताकीद तीच मिळायची, रंगीत पाण्यात जायचं नाही.

मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा पडदा आला, शस्त्रक्रिया झाली, नजर साफ झाली, पण रंग बदलले. पूर्वीचा निळा आता त्यांना जास्तच निळा दिसायला लागला. पडद्यांचा एक मोठा माल फिकट गेला आणि परत आला. मालकांनी त्यांना समोर बसवलं. आवाज चढवला नाही.

"मास्तर, तुम्हाला घरी बसवणं माझ्या जिवावर येतंय," ते म्हणाले. "मागे नवीन टाकी बसवतोय. नाल्याच्या तक्रारी फार झाल्यात. तिथे एक भरवशाचा माणूस हवा."

मास्तर मान हलवून उठले. अशा मालकाच्या खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे, असं त्यांनी त्या दिवशी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मागे टाकलं म्हणा की सरळ." पण तिलाही हायसंच वाटलं होतं.

टाकी एका संशोधक बाईंनी बनवली होती. सगळे त्यांना मॅडम म्हणत. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत त्यांनी अनेक वर्षं यावर घालवली होती. लांबट टाकी, तिच्यात काचेच्या नळ्यांत घातलेले दिवे, आणि मध्ये उभे पत्रे. पत्र्यांवर खडूच्या भुकटीसारखी फिकट पूड भाजून पक्की केलेली. टाकीच्या तळाला थरथरणाऱ्या चकत्या. बटण दाबलं की दिवे जांभळट उजळायचे आणि सगळी टाकी घुमायला लागायची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. टाकीत हात घालायचा नाही आणि उघड्या दिव्याकडे बघायचं नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं. मग त्या मास्तरांना समजावू लागल्या.

"पुडीवर उजेड पडला की तिच्यात जोर येतो. पण तो फार टिकत नाही, आतल्या आत जिरून जातो. खालून सतत थरथर दिली की जिरायला सवड मिळत नाही. मग तो जोर पाण्यात उतरतो आणि रंगाचे तुकडे पाडतो."

"म्हणजे आमच्या घरातल्यासारखंच," मास्तर म्हणाले. "कोणी मागे लागल्याशिवाय माझा जोर आतच जिरतो."

मॅडम खूप हसल्या. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा ते दाट तांबडं होतं. टाकीच्या या टोकाला तांबडं, मध्यावर गुलाबी, आणि पलीकडच्या नळातून जे आलं ते बघून मास्तरांना काही सुचेना. त्यांनी ग्लास धरला, उजेडात नेला, डोळे बारीक केले. काहीच नव्हतं. आयुष्यभर पाण्यात रंग घातलेला माणूस, आणि त्याच्या हातात आज बिनरंगाचं पाणी. त्यांना एकदम आपल्या बापाची आठवण आली, जो याच हौदांवर खोकत खोकत गेला. आपण हातांनी जे केलं ते निस्तरायची संधी म्हातारपणी मिळाली, असं त्यांना वाटलं. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही.

उद्घाटनाला बरेच पाहुणे आले. एकाने फोटोसाठी त्या पाण्याचा ग्लास ओठांना लावला, तोच मॅडमनी पुढे होऊन तो जवळजवळ हिसकावून घेतला.

"पिऊ नका. रंग गेलाय, बाकी सगळं गेलेलं नाही. याच्यापुढे अजून दोन टप्पे लागतात. ते बसवायचे आहेत."

पाहुणे हसले. मालकही हसले आणि म्हणाले, "टप्प्याटप्प्याने सगळं करू." मास्तरांनी ते ऐकलं. नीट ऐकलं. पण ती पिण्याची गोष्ट होती आणि पाणी पिण्यासाठी कोणी सोडत नव्हतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

नाला बदलला. आधी लोकांचा विश्वास बसेना. मग बायका पुलावर थांबून खाली बघायला लागल्या. तळातले दगड दिसत होते. वास कमी झाला. तक्रारी थांबल्या, तपासणीला येणारा माणूस नुसता डोकावून जायला लागला. आणि मास्तरांचा मान वाढला. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, "मास्तर, कशी काय जादू करता?" मास्तर उजेडाचं आणि थरथरीचं सांगायचे, बापाने मुलीचं कौतुक सांगावं तसं. बायको म्हणायची, "आता उशी पांढरी, पण हे झोपेतसुद्धा घुमतात."

मॅडमचं काम ठरलेल्या मुदतीचं होतं. मुदत संपली, पुढची मंजुरी आली नाही आणि त्यांची दुसऱ्या शहरात बदली झाली. जाताना त्यांनी मास्तरांना टाकीच्या तोंडाची झडप दाखवली. "ही इतकीच उघडी ठेवा. पाणी आत रेंगाळलं पाहिजे. घाईने गेलं तर रंग तुटतो, पण तुकडे तसेच राहतात."

त्या गेल्या आणि कारखान्यात काम वाढलं. मालकांनी टाकीपाशी येऊन विचारलं, "पाणी बिनरंगाचं निघतंय ना? मग झडप अजून उघडा." मास्तरांनी उघडली. पाणी बिनरंगाचंच निघत राहिलं. त्यांनी पुन्हा उघडली. पुढच्या दोन टप्प्यांबद्दल मालकांनी काही काढलं नाही आणि मास्तरांनीही विचारलं नाही.

मास्तरांचा धाकटा भाऊ नाल्याच्या काठी, पुलापलीकडे राहायचा. आईबापांनी ठेवलेल्या तुकड्यावर तो रोपं करायचा. फुलझाडांची, फळझाडांची, कुंपणाच्या वेलींची. काळ्या पिशव्यांच्या रांगा आणि त्यांतून फिरणारा तो, मितभाषी. झाडांशी मात्र बोलायचा. त्याची बायको चेष्टेत म्हणायची, "मी झाड असते तर माझी चौकशी तरी झाली असती." त्याच्या विहिरीचं पाणी आटत चाललं होतं. एका सकाळी तो टाकीपाशी आला, नळाखाली ओंजळ धरली आणि बघत राहिला.

"दादा, हे झाडांना चालेल का?"

मास्तरांनी ग्लास भरला, उजेडात धरला. "बघ ना. कुठे काही दिसतंय?"

"दिसत नाही. पण चालेल का?"

"चालेल की. मी रोज बघतोय."

धाकट्याला एवढं पुरे होतं. दादाची नजर सगळ्या कारखान्याने मानलेली होती. त्याने नाल्यातून नळी टाकली.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग पानांच्या कडा करपायला लागल्या, मेणबत्तीवर धरल्यासारख्या. धाकट्याला वाटलं, पाणी कमी पडतंय. त्याने आणखी घातलं. कोवळी पानं गळायला लागली. तो दादाला बोलवायला आला, मास्तरांनी रोपं बघितली आणि तेही म्हणाले, "ऊन फार आहे, पाणी वाढव." धाकट्याने वाढवलं. सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभा राहिला. जितकं पाजावं तितकी ती झाडं मान टाकत गेली.

एका दुपारी मास्तर गेले तेव्हा धाकटा जमिनीवर उकिडवा बसला होता. पिशव्यांमधल्या मातीवर आणि खालच्या जमिनीवरही पांढरा पापुद्रा धरला होता. त्याने नखाने तो खरवडला आणि जिभेला लावला.

"खारट आहे, दादा."

मास्तर उभेच राहिले. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. कापडाला रंग धरावा म्हणून हौदात मीठ लागतं, पोत्यांनी लागतं. ती पोती त्यांच्या डोळ्यांसमोर फुटत होती, त्यांच्या हुकमाने ओतली जात होती. एवढी वर्षं. ना उजेडाने मीठ तुटतं ना थरथरीने. ते टाकीतून जसंच्या तसं निघत होतं आणि त्यांना ते दिसलं नव्हतं, कारण ते फक्त रंग बघत होते.

"मला माहीत असायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं," धाकटा म्हणाला. आवाज वर गेला नाही. "मी विचारलं होतं, चालेल का म्हणून. तुम्ही म्हणालात, दिसतंय का काही."

त्याच्या बायकोने मास्तरांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला, विहिरीतलं, गाळाचं. "घ्या भाऊजी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मास्तर मालकांकडे गेले. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"मीठ काढायचं म्हणजे दुसरी यंत्रं," ते म्हणाले. "ती या कारखान्यापेक्षा मोठी होतील. मी कारखाना बंद केला तर तुमच्या ओळीतल्या खोल्यांतलं कोण काय खाणार आहे? आणि वरच्या अंगाला, दुसऱ्या नाल्यावर जे कारखाने आहेत त्यांनी काय केलंय? रंगसुद्धा काढत नाहीत. मी निदान तेवढं तरी केलं."

"माझ्या भावाची जमीन गेली, मालक."

"त्याने मला विचारून पाणी घेतलं का?"

त्याने दादाला विचारून घेतलं होतं.

मास्तरांनी मॅडमना फोन लावला. रोपांचं, मिठाचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "झडप किती उघडी आहे?" मास्तरांनी सांगितलं.

"मास्तर, मग नुसतं मीठ नाही. रंगाचे तुकडे पण जातायत. काही तुकडे मूळ रंगापेक्षा वाईट असतात. दिसत नाहीत, एवढंच."

"तुम्ही याल का?"

"पुढच्या टप्प्यांचं मी मालकांना कळवलं होतं. दोनदा. आता माझा तिथे काही अधिकार नाही, मला फाटकातून आत घेणार नाहीत." मग त्या म्हणाल्या, "मी ते यंत्र चांगल्यासाठी केलं होतं."

"हो," मास्तर म्हणाले. "मीही चांगल्यासाठीच चालवलं."

आता पुलावरून जाताना मास्तरांचं लक्ष खाली जायला लागलं. जे नाल्याच्या आसपास फिरकत नसत ते लोक काठाला बसून कपडे धूत होते. गुरं पाण्यात तोंड घालत होती. पोरं उड्या मारत होती, त्यांच्या आया वर बसून गप्पा मारत होत्या. मास्तर थांबून सांगायचे, हे पाणी चांगलं नाही. लोक ऐकून घ्यायचे. "अहो मास्तर, तुमच्याच टाकीतलं आहे," असं हसून म्हणायचे, जणू मास्तर विनयाने बोलतायत. एकाने तर म्हटलं, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्यांना पटलंय, तुम्हालाच पटेना." मास्तरांनी झडप मिटून घेतली, तर हौद तुंबले आणि मुकादमाने येऊन ती पुन्हा उघडली.

मग एका सकाळी, कारखान्यात गडद तांबडा चालू असताना, मास्तर टाकीपाशी आले आणि त्यांनी बटण बंद केलं. दिवे विझले. घुमणं थांबलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, ते किती मोठं होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि टाकीकडे पाठ करून बसले. मागे पाइपातून तांबडं पाणी नाल्यात पडायला लागलं. त्यांना एवढंच हवं होतं. सांगून कळत नाही तर दिसू दे. घाबरू दे. आयांनी पोरांना हात धरून वर ओढू दे.

आयांनी ओढलं. बघता बघता नाला पुलापर्यंत लाल झाला. काठावरचे कपडे डागाळले, ते तसेच टाकून बायका वर पळाल्या. दुपार व्हायच्या आत फाटकापाशी गर्दी झाली. मालक बाहेर आले, मुकादम टाकीकडे धावला आणि त्याने मास्तरांना स्टुलावरून उठवलं. धरूनच फाटकापर्यंत आणलं.

"यांनी बंद केलं," मुकादम म्हणाला. "मुद्दाम."

गर्दीतले सगळे ओळखीचे होते. मास्तर त्यांच्याशी बोलले. मीठ सांगितलं, तुकडे सांगितले, भावाची जमीन सांगितली. इतकं ते आयुष्यात एका वेळी बोलले नसतील. रंग होता तोवर तुम्ही सावध होता, असं ते म्हणाले. मी तुमचा पहारेकरी काढून घेतला.

शेजारची बाई पुढे आली. तिचा धुतलेला सगळा ढीग खराब झाला होता. "काल चांगलं होतं की पाणी," ती म्हणाली. "आम्हाला इतक्या वर्षांनी जरा बरे दिवस आले, ते तुम्हाला बघवेना का?"

कोणीतरी म्हणालं, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं. कोणी म्हणालं, भावाचं नुकसान झालं म्हणून सगळ्यांवर सूड. मालकांनी हात वर केला, सगळ्यांना शांत केलं आणि मुकादमाला खूण केली. आतून घुमायला सुरुवात झाली. लोक पुलाकडे गेले आणि कठड्याला टेकून वाट बघत राहिले. पाणी गुलाबी झालं, मग निवळलं. दगड दिसायला लागले. माणसं एकेक करून घरी गेली, समाधानाने.

मास्तरांना कामावरून काढलं. मालकांनी त्यांचं बाकी सगळं चोख दिलं, वर खांद्यावर हातही ठेवला. बायको शिवणाचं काम आणायला लागली. पूर्वी ज्या बायका तिच्या दारात बसायच्या त्या आता वळून दुसऱ्या बाजूने जायच्या.

धाकट्याने जमीन तशीच सोडली. विकायला गेला तर घेणार कोण? तो आणि त्याची बायको दूरच्या गावी गेले, कुठल्याशा गोदामावर राखणदारीला. जायच्या दिवशी मास्तर गाडीच्या थांब्यावर गेले. सामान थोडंच होतं. धाकटा दुसरीकडे बघत उभा होता.

"दादा, तुम्ही बटण बंद केलंत, ते कळलं मला," तो शेवटी म्हणाला.

मास्तरांना वाटलं, आता तो पुढे काही बोलेल. गाडी आली. त्याच्या बायकोने वाकून नमस्कार केला, तो मात्र चढून आत बसला. त्यानंतर फोन येतात ते मास्तरांच्या बायकोला. "वहिनी, बरं आहे ना सगळं?" एवढंच विचारतो.

नंतर वरच्या अंगाच्या कारखान्यांनीही तशाच टाक्या बसवल्या. बघायला लांबून माणसं येतात. मॅडमचं नाव कुठे कुठे घेतलं जातं असं ऐकू येतं. त्यांनी मास्तरांना पुन्हा फोन केला नाही, मास्तरांनीही नाही. पुढचे टप्पे कोणीच बसवले नाहीत. खोल्यांच्या ओळीत कोणाच्या अंगावर चट्टे उठतात, कोणाचं पोर सारखं पोट धरून रडतं. दवाखान्यात मलम देतात, गोळ्या देतात. नाल्याचा विषय कोणाच्या तोंडून निघत नाही. नाला आता स्वच्छ आहे.

मास्तर काही महिने पुलावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. पोरं त्यांची नक्कल करायला लागली. मग त्यांनी सांगणं बंद केलं, नुसते उभे राहायला लागले.

परवा संध्याकाळी खालून एका बाईने हाक मारली. नवीनच राहायला आलेली होती, मास्तर कोण आहेत हे तिला माहीत नसावं. तिची बादली काठोकाठ भरली होती आणि चढावर तिला ती एकटीने उचलवत नव्हती. पाणी इतकं नितळ होतं की बादलीच्या तळावरचा ओरखडा दिसत होता.

"आजोबा, जरा हात लावता का?" ती म्हणाली.

मास्तर खाली उतरले. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग त्यांनी बादलीच्या कडीला एका बाजूने हात घातला, आणि दोघांनी मिळून ती वर आणली.